प्लॅटिनमला पर्याय तीन अणूंच्या पापुद्र्याचा

पाण्यातून हायड्रोजन मिळविण्याची विद्या दोनशे वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडमधील निकोल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० मध्ये पाण्यातून विद्युतप्रवाह सोडून त्याचे हायड्रोजन व प्राणवायूत विघटन करून दाखविले. तरीही आज जगात वापरला जाणारा बहुतांश हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासूनच तयार होतो आणि त्यासोबत कार्बन डायऑक्साइडही वातावरणात मिसळतो. पाण्याचे विघटन महाग पडते, हे त्यामागचे कारण. या महागाईला हातभार लावणाऱ्या प्लॅटिनमची जागा एखादा स्वस्त पदार्थ घेऊ शकेल काय, याचा शोध गेली दोन दशके सुरू आहे. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे त्यातील आघाडीचे नाव आहे.

थांबा असावा, मुक्काम नसावा

पाण्याच्या विघटनासाठी तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरेसे असतात. प्रत्यक्षात मात्र अधिक दाब द्यावा लागतो आणि ही जादा वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हा अपव्यय कमी करणे हे उत्प्रेरकाचे काम. ऋणाग्रावर हायड्रोजनचा अणू आधी पृष्ठभागाला चिकटतो, मग दुसऱ्या अणूशी जोडी जमवून वायूच्या रूपाने निघून जातो. पृष्ठभागाची पकड सैल असेल तर अणू तेथे टिकत नाही. फार घट्ट असेल तर सुटत नाही. थांबा असावा, पण मुक्काम नसावा, असा हा मामला आहे. प्लॅटिनमला हा समतोल उत्तम साधतो. पण हा धातू दुर्मीळ आहे आणि त्याच्या उत्पादनात एकट्या दक्षिण आफ्रिकेचा वाटा निम्म्याहून अधिक आहे.

कडांचे महत्त्व

मॉलिब्डेनम डायसल्फाइड निसर्गात मॉलिब्डेनाइट या खनिजाच्या रूपाने आढळते. यंत्रांतील घर्षण कमी करणारे कोरडे वंगण म्हणून ते परिचित आहे. तेलशुद्धीकरण कारखान्यांतही इंधनातील गंधक काढून टाकण्यासाठी, कोबाल्ट वा निकेलची जोड देऊन, ते अनेक दशके वापरले जाते. त्याची रचना ग्राफाइटप्रमाणे एकावर एक रचलेल्या पापुद्र्यांची असते. प्रत्येक पापुद्र्यात मध्ये मॉलिब्डेनम आणि वर-खाली गंधक असे अणूंचे तीन थर असतात. एका पापुद्र्याची जाडी सुमारे ०.६५ नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या एक अब्जांश भागाहूनही कमी भरते.

सत्तरच्या दशकात या पदार्थाचे मोठे स्फटिक तपासले गेले, तेव्हा हायड्रोजननिर्मितीसाठी ते निरुपयोगी ठरले होते. २००५ मध्ये डेन्मार्कमधील येन्स नोर्स्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकीय गणिताच्या आधारे वेगळेच चित्र मांडले. जीवाणूंमधील काही विकरे प्लॅटिनमशिवाय हायड्रोजन तयार करतात. या विकरांच्या क्रियाशील जागेशी मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या कडांचे साम्य असल्याचे त्यांना आढळले.

प्रत्यक्ष पुरावा २००७ मध्ये मिळाला. थॉमस हारामिलो, इब चोर्केनडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या पृष्ठभागावर या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण वाढविले, सूक्ष्मदर्शकाने त्यांच्या कडा मोजल्या आणि मग हायड्रोजन तयार होण्याचा वेग पाहिला. हा वेग कणांच्या क्षेत्रफळाच्या नव्हे, तर कडांच्या एकूण लांबीच्या प्रमाणात वाढत होता. मोठ्या स्फटिकात सपाट भाग अधिक आणि कडा नगण्य, म्हणून ते निष्क्रिय ठरले होते.

तेव्हापासून संशोधनाला दिशा मिळाली. कण लहान करून कडा वाढविणे हा एक मार्ग झाला. सपाट भागातील काही गंधकाचे अणू काढून तेथे रिकाम्या जागा निर्माण करणे, त्या भागाला ताण देणे, हा दुसरा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये तो दाखवून दिला. पदार्थाची अणुरचना बदलून त्याला धातूसारखे विद्युतवाहक बनविणे हा तिसरा. या बदललेल्या रूपाचा वापर करून, प्रकाशाच्या साह्याने पाण्यातून हायड्रोजन मिळविण्याचे काम बंगळुरूमध्ये डॉ. सी. एन. आर. राव यांच्या गटानेही २०१३ मध्ये प्रसिद्ध केले.

अडचणी कोणत्या?

प्रयोगशाळेतील यश आणि कारखाना यांत अद्याप अंतर आहे. या पदार्थाला प्लॅटिनमपेक्षा साधारणतः एक-दोन दशांश व्होल्ट अधिक लागतात. धातूसारखे रूप अस्थिर असून कालांतराने मूळ रूपाकडे वळते. कारखान्यातील यंत्राने तर वर्षानुवर्षे अखंड काम देणे अपेक्षित असते.

शिवाय प्लॅटिनमचा प्रश्न सर्वत्र सारखा नाही. अल्कधर्मी द्रावणावर चालणाऱ्या जुन्या पद्धतीत निकेलवर काम भागते. सौर वा पवनऊर्जेच्या चढउतारांशी सहज जुळवून घेणाऱ्या, आम्लधर्मी पटल वापरणाऱ्या यंत्रांत मात्र ऋणाग्राला प्लॅटिनम आणि धनाग्राला त्याहून दुर्मीळ इरिडियम लागते. जगात इरिडियमचे उत्पादन वर्षाला अवघे ७ ते ८ टन होते आणि त्याला आम्लात टिकणारा समर्थ पर्याय शोधणे अधिक कठीण आहे.

विजेचा खर्च तर उरतोच. एक किलो हायड्रोजन मिळविण्यासाठी सुमारे ९ किलो पाण्याचे विघटन करावे लागते आणि त्यासाठी ५० ते ५५ युनिट वीज खर्च होते. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचे उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे आहे. एवढ्या उत्पादनासाठी स्वस्त वीज ही पहिली गरज. त्या विजेतील प्रत्येक युनिटचे चीज व्हावे आणि यंत्रे परदेशी खाणींवर अवलंबून राहू नयेत, यासाठी मात्र अशा साध्या, मुबलक पदार्थांचा टिकाऊपणा सिद्ध व्हावा लागेल.