घोषणा : माहिती की कृती?

काही वाक्ये माहिती देत नाहीत. ती उच्चारताच कृती घडते, हा ऑस्टिन यांचा विचार आपण पाहिला. ‘सभा संपली असे मी जाहीर करतो’ असे अध्यक्ष म्हणतात आणि सभा संपते.

ऑस्कर पुरस्कारांचा सोहळा मी अनेक वर्षे दूरचित्रवाणीवर पाहत आले आहे. तेथील घोषणाही मला अशीच कृती वाटे. १९८९ साली ‘विजेता आहे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांऐवजी ‘ऑस्कर यांना जाते’ या अर्थाचे शब्द आले. इतर नामांकित पराभूत भासू नयेत, हा हेतू. शब्दांनीच जय-पराजय घडतो, असा निष्कर्ष मी काढला होता.

२०१७च्या सोहळ्याने तो खोडून काढला. सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून ‘ला ला लँड’चे नाव वाचले गेले, निर्माते आभार मानू लागले. प्रत्यक्षात सादरकर्त्यांच्या हाती सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा लिफाफा गेला होता. काही मिनिटांतच त्याच मंचावरून ‘मूनलाइट’चे नाव सांगण्यात आले.

असे का घडू शकले? निर्णय अकादमीच्या सदस्यांच्या मतांनी आधीच झालेला असतो. घोषणा तो केवळ कळवते. म्हणून ती असत्य ठरू शकते. अध्यक्षांचे वाक्य मात्र असत्य ठरत नाही. अधिकार नसल्यास ते निष्फळ ठरते. तेव्हा वाक्याच्या थाटावर जाऊ नका; ‘हे असत्य ठरू शकते का?’ असे विचारा.

स्वाध्याय : निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने जाहीर केलेला निकाल माहिती आहे की कृती? सकारण लिहा.