न ऐकता दिलेले निकाल

छत्तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासण्यात गेली म्हणजे मनुष्यास निकाल देण्याची खोड जडते, आणि सेवानिवृत्तीबरोबर ती सुटत नाही. विद्यार्थ्याची पहिली चार वाक्ये वाचली न वाचली तोच पुढील पानांवर काय असणार हे आपणांस कळून चुकले, असा भ्रम तपासनिसास होऊ लागतो. वर्गात या भ्रमाने एखाद्या मुलाचे दोनचार गुण जातात. घरात आणि समाजात मात्र त्याने अधिक काही जाते. गेल्या पावसाळ्यात मला तीन कथांचा लाभ घडला. एक कानांनी ऐकली, एक डोळ्यांनी वाचली व एक पडद्यावर पाहिली. तिन्हींसंबंधी माझे मत पूर्वीच ठरलेले होते आणि तिन्ही ठिकाणी ते खोटे ठरले. त्या अनुभवाची हकीकत या मासिकाच्या वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आषाढात माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू एकामागून एक काढविले. तेवढे आठवडे वाचनाचा ताण घेऊ नये, असे डॉक्टरांनी बजाविले. ज्याचा दिवस पोथीने उजाडतो आणि पुस्तकाने मावळतो, त्यास हा उपवास निर्जळी एकादशीहून कठीण. माझी तगमग पाहून सूनबाईने आपल्या मोबाईलवर एक ऑडिओबुक लावून दिले. “बाबा, कंटाळा आला तर बंद करा,” असे म्हणून ती कामास गेली.

वास्तविक या प्रकाराविषयी माझे मत फार कडवे होते. पुस्तक ऐकणे म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास गिळणे, असे मी चारचौघांत बोलून दाखवीत असे. संस्कृत शिकविणाऱ्याने असे बोलावे, याचे आता मलाच हसू येते. आपल्याकडे विद्वानास बहुश्रुत म्हणतात, म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो. वेदांस श्रुति हे नाव ऐकण्यावरून पडले. ज्ञानाच्या पायऱ्या सांगताना शास्त्रकारांनी श्रवण प्रथम ठेविले, मनन व निदिध्यासन मागाहून. चातुर्मासात पोथी ऐकून, देवळात कीर्तन ऐकून आमच्या आज्यापणज्यांनी अक्षर न ओळखता सबंध महाभारत पाठ केले. ती परंपरा मला ठाऊक होती. ती या लहानशा यंत्रातून पुन्हा माझ्या घरात येऊ शकेल, हे मात्र सुचले नाही.

लावून दिलेले पुस्तक होते साने गुरुजींचे ‘श्यामची आई’. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिले गेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झाले. यातील उतारे मी किती वर्षे वर्गात शिकविले असतील, याची गणती नाही. म्हणून प्रथम वाटले की, यात नवीन ते काय ऐकावयाचे? परंतु एक साधी गोष्ट मी इतकी वर्षे नजरेआड केली होती. या पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. आश्रमातील दिवसाची कामे आटोपली म्हणजे श्याम मित्रांस आईची एकेक आठवण सांगतो आणि अशा बेचाळीस रात्री जातात. म्हणजे हे पुस्तक मुळातच ऐकण्यासाठी रचलेले आहे. छापील पानावर ती रचना मला निव्वळ निमित्त वाटे. अंधारात डोळे मिटून, एका बैठकीस एकच रात्र, याप्रमाणे ऐकू लागलो तेव्हा आपणही त्या मित्रांच्या घोळक्यात बसलो आहोत, असे वाटू लागले.

कानाचा दुसरा गुण असा की, तो गाळीत नाही. ओळखीच्या मजकुरावरून डोळा उड्या मारीत जातो. सांगणाऱ्याचा आवाज आपल्या गतीने चालतो आणि आपणांस त्याच्या मागे चालावे लागते. न्हाऊन आलेल्या श्यामच्या पायास माती लागू नये म्हणून आई दगडावर आपला पदर पसरते, हा प्रसंग मराठी घरात कोणास ठाऊक नाही? मीही तो ‘संस्कार’ या सदरात टाकून मोकळा झालो होतो. या खेपेस मात्र प्रथमच ध्यानात आले की, तो ओला पदर त्या माउलीला तसाच नेसून राहावयाचा आहे. नातवाने मध्येच सुचविले की, हे दीडपट वेगानेही ऐकता येते, वेळ वाचतो. मी त्यास विचारले, “तुझी आई तुला हाक मारते ती दीडपट वेगाने मारलेली चालेल काय?” तो हसला, परंतु पुन्हा ते बोलला नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. पुढे मी आणखी काही ऑडिओबुके ऐकली. कित्येकांत करुण प्रसंग आला की मागे बासरी सुरू होते, जणू श्रोत्यास रडण्याचा हुकूम सुटला. कथेत बळ असेल तर ही मदत नको आणि नसेल तर ती पुरत नाही. उच्चारांची हयगय तर फारच. मराठीत च आणि ज यांचे उच्चार दोन प्रकारचे आहेत. ‘चहा’तील च आणि ‘चूल’मधील च एक नव्हेत. चुलीचा च चहासारखा उच्चारला म्हणजे ती चूल आपल्या घरातली राहत नाही. शिवाय ऐकता ऐकता झोप लागते आणि यंत्र पुढे बोलतच राहते. पुस्तक निदान छातीवर उघडे पडून थांबते तरी!

परंतु खरा धडा पुढेच होता. मी बाहेरच्या खोलीत ऐकत असे आणि सौ. आतल्या बाजूस मेथी निवडीत बसलेली असे. चारपाच रात्रींनंतर ती परात घेऊन बाहेरच येऊन बसू लागली. पुस्तक संपले. शेवटी श्याम घरी पोहोचतो तो आई गेल्यावर, हे ठाऊक असूनही मी काही वेळ बोललो नाही. ती मात्र सहज म्हणाली, “अहो, मुलाने आईची गोष्ट सांगितली ती छानच, पण आईने स्वतःची सांगितली असती, तर हीच निघाली असती का हो?”

मी निरुत्तर झालो. इतक्या वर्षांत हा प्रश्न ना मी वर्गात विचारला, ना माझ्या एकाही विद्यार्थ्याने. सौ.चे शिक्षण नववीपर्यंत झाले, मग लग्न. या घरात शेकडो पुस्तके आली, ती माझ्या कपाटात गेली. तिचे हात कामातून मोकळे झाले नाहीत, म्हणून तिला वाचनाची आवड नाही, असा निकाल मी केव्हाच देऊन टाकला होता. हात गुंतलेले असता कान मोकळे असतात, ही गोष्ट ध्यानात यावयास मला मोतीबिंदू व्हावा लागला. हल्ली आमच्या घरी पुस्तक लागते ते तिच्या पसंतीचे, आणि रात्री त्यावर वादही होतो. त्यात मी बहुधा हरतो.

डोळे सुधारताच मी जी पहिली कादंबरी हाती घेतली तिच्यामागे एक जुनी टोचणी होती. विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ १९३९ साली निघाली. बेडेकरांची कादंबरी ही एवढीच. (‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर, म्हणजेच मालतीबाई, या त्यांच्या पत्नी.) पंचवीसएक वर्षांपूर्वी शाळेचे ग्रंथालय माझ्याकडे असता दहावीतील एका मुलीने हे पुस्तक मागितले. विवाहाविना जुळलेल्या प्रेमाची कथा, एवढे मी कोणाकडून तरी ऐकले होते. सबब तिच्या हातून ते काढून घेऊन मी कपाटात ठेविले. तिने अदबीने विचारले, “सर, आपण वाचले आहे का?” मी वाचले नव्हते. मी तिला गप्प बसण्यास सांगितले.

आता वाचले. लहानसे पुस्तक, तीन दिवसांत संपले. परंतु अजून मनातून उतरत नाही. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली आगबोट, दुसरे महायुद्ध तोंडावर आलेले, आणि बोटीवर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू लोक. त्यांस मागे देश नाही व पुढे कोणते बंदर आपणांस घेईल याचा भरवसा नाही. कथानायक चक्रधर विध्वंस हा प्रेमात एकदा फसलेला असून त्याने त्या एकीवरून सगळ्या स्त्रीजातीविषयी कायमचे मत करून ठेविले आहे. त्याच बोटीवर हॅर्टा ही ज्यू तरुणी आईसह चालली आहे. दोघांची गाठ पडते. परंतु मुंबई आली की त्याने उतरावयाचे आणि तिने पुढे जावयाचे, हे प्रवासाच्या पहिल्या दिवसापासून ठरलेले. पुढे जे होते ते ज्यांनी वाचले नसेल त्यांच्यासाठी येथे सांगत नाही.

या कादंबरीचे मोठेपण मला एका गोष्टीत दिसले. एका स्त्रीवरून सर्व स्त्रियांवर शिक्का मारणारा नायक, आणि एका सबंध जमातीवर शिक्का मारून तिला देशोधडीस लावणारे राष्ट्र, ही दोन्ही लेखकाने एकाच बोटीवर आणून उभी केली आहेत. मोठ्या अन्यायाचे बीज किती क्षुद्र असते, हे याहून कमी शब्दांत कोणी दाखविले असेल, असे मला वाटत नाही. नायकाचे स्वतःविषयीचे हळवेपण क्वचित् कंटाळवाणे होते आणि काही संभाषणे रंगभूमीवरची वाटतात, हे खरे. तथापि जे पुस्तक सोळा वर्षांच्या मुलीस अयोग्य म्हणून मी कुलपात ठेविले, ते खरे तर मी त्या वेळी वाचावयास हवे होते.

तिसरी गोष्ट सांगण्यास अधिक संकोच वाटतो. १९८८ च्या जानेवारीत दूरदर्शनवर गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेली ‘तमस’ ही मालिका दाखविण्यात आली. भीष्म साहनी यांच्या ज्या हिंदी कादंबरीवरून ती घेतली आहे, तिला १९७५ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले होते. देशाच्या फाळणीपूर्वीच्या दंगलींची ही कथा. तिने दोन्ही समाजांत द्वेष वाढेल, म्हणून ती बंद करावी, अशी मागणी त्या वेळी जोरात होती. आमच्या गावीही एक निवेदन फिरले. मी एका सहकाऱ्याच्या घरी पहिला भाग पाहिला होता, तोही मध्येच उठून आलो होतो. निवेदनावर मी सही केली.

मुंबई उच्च न्यायालयात हे प्रकरण न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन व न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांच्यापुढे आले, तेव्हा त्या उभयतांनी मालिका सबंध पाहिली आणि मग ती दाखविण्यास मोकळीक दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी तोच कौल कायम केला. ही बातमी मी त्या वेळी वाचली, पण ‘सबंध पाहिली’ या दोन शब्दांत माझ्यासारख्यांस उत्तर होते, हे उमगले नाही.

या श्रावणात चिरंजीवांनी ती मालिका मिळवून दिली. चारपाच तासांची ती कथा आम्ही उभयतांनी थोडी थोडी करून पुरी पाहिली. मुराद अली नावाचा मनुष्य नत्थू या गरीब चर्मकारास पाच रुपये देऊन एक डुक्कर मारावयास लावतो. सलोतरी डॉक्टरास हवे आहे, अशी थाप. सकाळी तेच जनावर मशिदीच्या पायरीवर आढळते आणि गाव पेटते. आपल्या हातून काय घडले हे नत्थूला कळते, पण कोणास सांगता येत नाही. ओम पुरी यांनी ही घुसमट जवळजवळ न बोलता दाखविली आहे. मी १९८८ साली उठून गेलो तो नेमका याच्या अगोदर. थांबलो असतो तर दिसले असते की, येथे दोष कोण्या धर्माच्या पदरी घातलेला नाही. गरिबाच्या हातून आग लावून घेणारा आणि दुरून तिचा शेक घेणारा यांच्याकडे बोट आहे.

हरनामसिंग व बंतो हे वृद्ध शीख जोडपे घराला व चहाच्या दुकानाला कुलूप घालून रात्री निघते, तो भाग पाहताना सौ.ने परात बाजूस ठेविली. हरनामसिंग झाले आहेत स्वतः भीष्म साहनी आणि बंतो दीना पाठक. त्यांस आसरा देते ती एक मुसलमान बाई. लेखकाने आपल्याच पात्राचे जोडे पायांत घालून चालावे, असे दृश्य पडद्यावर विरळा. शेवटी शांततेच्या घोषणा देत गाडी फिरते आणि घोषणा देणारा असतो मुराद अली! मालिका पाहून मी मूळ कादंबरी काढली. जी घटना कादंबरीत वाक्यावाक्याने मनात उतरते, ती पडद्यावर चेहऱ्यांनी उतरते. कोणते श्रेष्ठ हा वाद मला आता व्यर्थ वाटतो. एवढे मात्र म्हणेन की, थोडक्या भागांच्या मालिकेस शेवट असतो, आणि शेवट असतो म्हणूनच तिला अर्थ असतो. आमच्या शेजारी वर्षानुवर्षे चाललेल्या मालिका आहेत. त्यांतील सासवासुनांस कोणत्या पापाने मोक्ष मिळत नाही, ते कळत नाही.

कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस माझी सूचना इतकीच की, आठवड्यातून दोन रात्री तरी जेवणानंतर एखादी कथा सर्वांनी मिळून ऐकावी, वाचावी किंवा पाहावी. ती पुरी करावी. आणि मत देण्याची पाळी घरातील सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसापासून सुरू करावी. आमच्या घरी या नियमाने मला बरेच शिकविले.

त्या निवेदनावरील माझी सही आता पुसता येत नाही. ‘रणांगण’ मागणारी ती विद्यार्थिनी आज चाळिशीत असेल. कोठे असते ते मला ठाऊक नाही. हा लेख कदाचित् तिच्या हाती पडेल. बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे राहिले होते. त्या दिवशी मी ते पुस्तक वाचलेले नव्हते. आता वाचले आहे. तू म्हणत होतीस ते बरोबर होते.