ओळखीचा धंदा आता पडद्यावर : व्यावसायिक संकेतस्थळांची भाषा समजून घ्या

धंद्याला भांडवल लागते, तशीच ओळखही लागते. नगरच्या कापड बाजारात नव्या दुकानदाराला उधारीवर माल देण्यापूर्वी घाऊक व्यापारी दोन-चार जणांकडे त्याची चौकशी करतो. नागापूर एमआयडीसीत एखाद्या लेथवाल्याला पहिले जॉबवर्क मिळते तेही बहुधा कुणीतरी त्याचे नाव सुचवल्यामुळे. पण सारी ओळख एकाच माणसापुरती असेल तर ती धोक्याची ठरते. ज्या पर्चेस ऑफिसरच्या भरवशावर काम चालते त्याची बदली झाली, की नवे साहेब आपल्या माहितीतल्या माणसाला काम देतात आणि दोन मशीनचे वर्कशॉप बसून राहते. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

म्हणून ओळख दहा ठिकाणी हवी. त्यासाठी आज लिंक्डइनसारखी व्यावसायिक संकेतस्थळे उपयोगी पडतात. लिंक्डइन मे २००३ मध्ये सुरू झाले आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. शिकलेल्या मुलांनी नोकरी शोधण्याची ती जागा, असा आपल्या कारागीर बांधवांचा समज आहे. पण कारखान्यांचे खरेदी अधिकारी आणि अभियंतेही तिथे असतात. इंडियामार्टवर गिऱ्हाईक माल शोधते, येथे माणूस माणसाला शोधतो, हा फरक आधी लक्षात घ्यावा. तेथील शब्द परके वाटले, तरी त्यामागचा व्यवहार आपल्या बाजारातलाच आहे.

प्रोफाईल : दुकानाची पाटी

प्रोफाईल म्हणजे आपली माहिती असलेले पान. ते माणसाच्या नावाने काढायचे असते, फर्मच्या नावाने नव्हे. फर्मसाठी ‘पेज’ ही वेगळी सोय आहे. नावाखालच्या एका ओळीला ‘हेडलाईन’ म्हणतात. तिथे नुसते ‘मालक’ किंवा ‘प्रोप्रायटर’ लिहून काय उपयोग? ‘लेथ व मिलिंगचे जॉबवर्क, जिग-फिक्स्चर, नागापूर एमआयडीसी’ असे लिहिले तर शोधणाऱ्याला आपण सापडतो. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले आहे. बाहेरगावचा माणूस जुन्या नावाने शोधील की नव्या, हे सांगता येत नाही. तेव्हा माहितीत दोन्ही नावे लिहावीत. संकेतस्थळ हिंदीतही वापरता येते, पण खरेदी अधिकारी बहुधा इंग्रजीतच शोधतात. म्हणून कामाची माहिती साध्या इंग्रजीत लिहावी. त्यासाठी घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींची मदत घ्यावी. मशीन किती, किती मापापर्यंतचे काम होते, उद्यम नोंदणी आहे का, हे जरूर लिहावे आणि आपल्या कामाचे फोटो लावावेत.

कनेक्शन : ओळखीच्या पायऱ्या

आपण विनंती पाठवली आणि समोरच्याने ती स्वीकारली, की तो आपले ‘कनेक्शन’ झाला. ही पहिली पायरी. त्याच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या पायरीवर आणि त्याच्याही पलीकडचा तिसऱ्या पायरीवर. समजा, भिंगारच्या एका फॅब्रिकेशनवाल्याचे जुने गिऱ्हाईक सुपे येथील कारखान्यातल्या अधिकाऱ्याला ओळखते. तर तो अधिकारी फॅब्रिकेशनवाल्याच्या दुसऱ्या पायरीवर दिसेल आणि मध्ये कोण आहे तेही कळेल. मग थेट विनंती पाठवण्याऐवजी मधल्या माणसाला ‘माझे नाव सांगा’ म्हणावे. विनंतीसोबत छोटी चिठ्ठी जोडता येते. मोफत खात्यावर अशा चिठ्ठ्या मोजक्याच मिळतात, म्हणून त्या जपून वापराव्यात.

‘फॉलो’ म्हणजे ओळख नव्हे. एखाद्या कंपनीला फॉलो केले, की ती जे प्रसिद्ध करते ते आपल्या ‘फीड’मध्ये, म्हणजे समोर येणाऱ्या मजकुरात, दिसू लागते. आपण कुणाचे पान उघडून पाहिले तर ते त्याला कळू शकते, हेही ध्यानात असू द्यावे. सेटिंगमध्ये नाव लपवण्याची सोय आहे.

एंडोर्समेंट आणि रेकमेंडेशन

या दोन शब्दांत पुष्कळ जण गल्लत करतात. आपण लिहिलेल्या कौशल्याला ओळखीच्या माणसाने एक बटण दाबून दुजोरा दिला, की ती ‘एंडोर्समेंट’. त्याला काही श्रम पडत नाहीत, म्हणून तिचे वजनही कमीच. ‘रेकमेंडेशन’ म्हणजे त्याने स्वतःच्या नावाने लिहिलेली शिफारस. ‘या कारागिराने माल वेळेवर दिला, माप अचूक होते,’ एवढी दोन वाक्ये खऱ्या गिऱ्हाइकाने लिहिली तरी शंभर बटणांपेक्षा ती मोलाची आहेत. काम पूर्ण करून पैसे मिळाल्यावर अशी शिफारस मागण्यात संकोच नसावा. मात्र खोटी शिफारस घेऊ नये आणि देऊही नये. खोट्या शिफारशीवर आलेले गिऱ्हाईक पहिल्याच सॅम्पलला परत फिरते.

पैसे कशाला द्यावेत?

‘प्रीमियम’ हे पैसे भरून घ्यायचे खाते आहे. त्यात ‘इनमेल’ची सोय मिळते, म्हणजे ओळख नसलेल्यालाही निरोप पाठवता येतो. लहान व्यावसायिकाने सुरुवातीला त्यात पैसे गुंतवण्याची गरज नाही. मोफत खाते सहा महिने नीट चालवावे, काय हाती लागते ते पाहावे, मगच विचार करावा.

सावध राहावे

जिथे व्यवहार तिथे लबाडीही आलीच. ‘व्हेंडर म्हणून नोंदणीसाठी आधी रक्कम भरा’ असे कुणी कळवले तर कंपनीच्या कार्यालयात स्वतः फोन करून खात्री करावी. ओटीपी आणि बँकेचा पासवर्ड कुणालाही देऊ नये. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर होईल तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी होते.

बांधवांनो, ऑर्डर काही संकेतस्थळ देत नाही. ते फक्त दार दाखवते. कोटेशन वेळेवर देणे, दिलेली जबान पाळणे आणि माल मापात बसवणे हे आपल्यालाच करावे लागते. पण काम चोख असूनही केवळ नाव पोहोचले नाही म्हणून मशीन बंद राहावे, ही स्थिती आता बदलता येण्यासारखी आहे. आज दुकान बंद केल्यावर अर्धा तास काढून निदान आपली पाटी तरी लिहावी.