जीवाणूंच्या तांब्याचे दशक

2023 सरता सरता चिलीतली सेरो कोलोरादो खाण थांबली. भूजल उपशाच्या परवानगीवर अडले. त्याच वर्षी उत्तर चिलीतल्याच केब्राडा ब्लांकाने नवा कारखाना सुरू केला. पण तो खनिज दळून फेसावर तरंगवणारा. जीवाणूंना तिथे काम नाही. या दोन्ही खाणी 1994 च्या, आणि जीवाणूंकडून तांबे काढण्याच्या विषयात आम्ही त्यांची नावे पंढरी-आळंदीसारखी घेत असू.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात उरकतो. स्पेनमधल्या रिओ टिंटोच्या खाणीतल्या आंबट पाण्यातून भंगार लोखंडावर तांबे बसवायचे, हे फार जुने. त्यामागे जीवाणू आहेत याचा पत्ता कुणाला नव्हता. 1947 मध्ये अमेरिकेतल्या कोळसा खाणीच्या पाण्यात असा जीवाणू सापडला, 1958 मध्ये केनेकॉट कंपनीला पेटंट मिळाले, आणि पुढची वीसेक वर्षे टाकाऊ खडकावर आम्ल शिंपडण्यात गेली. 1980 मध्ये चिलीच्या लो आगिरे खाणीत पातळ थरांचे ढीग लागले, तेव्हा कुठे धंदा म्हणून बस्तान बसले.

मग नव्वदचे दशक आले. आम्ही पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होतो. थायोबॅसिलस फेरोऑक्सिडान्स हे तेव्हाचे नाव; पुढे ते बदलले, आमच्या तोंडात तेच राहिले. फेरस सल्फेटचा फिकट हिरवा द्राव शेकरवर लावायचा. काही दिवसांत तो विटकरी होई आणि फ्लास्कच्या काचेवर पिवळट पुट चढे, घासून निघता निघत नसे. हा जीवाणू तांबे खातो असे वर्तमानपत्रे छापत. तसे काही नसते. तो फेरस लोहाचे फेरिक करतो आणि त्या ऊर्जेवर जगतो. खनिजातले सल्फाइड फोडते ते फेरिक. तांबे आम्लात उतरते, फेरिकचे पुन्हा फेरस होते, आणि जीवाणूची पुढची पंगत मांडली जाते.

केब्राडा ब्लांका 4,400 मीटर उंचीवर. विरळ हवा, कडाक्याची थंडी. तिथे खनिज गरम पाण्यात आणि आम्लात कालवून ढीग लावले, खालून नळ्यांनी हवा फुंकली, आणि वर्षाला 75,000 टन तांब्याचा बेत आखला. भट्टी नाही, गंधकाचा धूर नाही. इकडे त्याच सुमारास रत्नागिरीकरांनी तांबे वितळवण्याचा प्रकल्प आंदोलन करून परत पाठवला होता. (तो तुतिकोरिनला गेला, 2018 मध्ये गोळीबारात माणसे मेल्यावर तिथेही टाळे लागले.) भट्ट्यांचे दिवस भरले, असे आम्हाला वर्गात छातीठोक सांगितले गेले.

सांगणाऱ्यांनी एक गोष्ट गिळली. चिलीतले ते खनिज कॅल्कोसाइट होते, फेरिकला सहज शरण जाणारे. जगातले बहुतेक तांबे कॅल्कोपायराइटमध्ये आहे. साध्या ढिगातल्या तापमानाला ते थोडे विरघळते आणि मग त्याच्या पृष्ठभागावर थर धरून अडून बसते. गोंदियाच्या शेजारी, बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडला मुख्यतः तेच. त्या खनिजावर आपल्याकडे प्रयोग झाले, प्रबंध झाले, अनुदाने आली. बाटलीत तांबे उतरले, पण चिलीच्या तोलाचा ढीग काही उभा राहिला नाही. रत्नागिरीलाही जीवाणूंचा उपयोग शून्य होता; तिथे येणारा माल बाहेरून आलेले सांद्रच, म्हणजे आधीच दळून तांबे एकवटलेले खनिज, असता. हे तेव्हा जाणकारांना माहीत होते. अनुदानाच्या अर्जात मात्र लिहिलेले मला कधी दिसले नाही.

उष्णताप्रेमी सूक्ष्मजीव लावून टाक्यांमध्ये कॅल्कोपायराइट फोडण्याचा मोठा प्रयोग कोडेल्को आणि बीएचपी या खाण कंपन्यांनी या शतकाच्या सुरुवातीला चिलीत केला. तांबे निघाले, हिशेब जमला नाही. 2006 मध्ये चिलीतल्याच एस्कोंडिडा खाणीने गरीब सल्फाइड खनिजाचे अजस्र ढीग लावले, ते तेवढे टिकले. बाकी वरचे सोपे खनिज संपत गेले, खाली कॅल्कोपायराइट लागले आणि खाणी पुन्हा फेसाकडे वळल्या.

आता तांब्याची ओरड सुरू झाल्यावर जीवाणूंचे गुणगान पुन्हा ऐकू येते, त्याच विशेषणांसकट. रिओ टिंटो कंपनीने अ‍ॅरिझोनातल्या जॉन्सन कॅम्प खाणीत नवा घाट घातला आहे. यश आले तर मला आनंदच आहे. पण यापुढे अशी बातमी वाचलीत, तर तीन गोष्टी विचारा: खनिज कोणते, त्यातले किती टक्के तांबे निघाले, आणि किती महिन्यांत.