पनवेल ते उमलिंग ला: उंचीचा हिशेब

पनवेलमधून जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८. त्याचं एक टोक चेन्नईत, दुसरं दिल्लीत आणि लांबी सुमारे २,८०० किलोमीटर. जून उजाडला की मागे सॅडल बॅगा आणि पेट्रोलचे कॅन बांधलेल्या बुलेट आणि हिमालयन मोटारसायकली इथून उत्तरेला निघतात. कोणी भिवंडी-नाशिक-धुळे करत जातं, कोणी वापी-अहमदाबादच्या बाजूने. मनालीमार्गे लेह इथून साधारण २,४०० किलोमीटर. जाऊन-येऊन पाच हजारांचा हिशेब धरावा लागतो.

आधी हे पाच हजार उलगडून पाहू. बुलेटच्या मागच्या चाकाचा घेर दोन मीटरच्या आसपास, म्हणजे या प्रवासात ते चाक २५ लाख वेळा फिरतं. ताशी ६०च्या वेगात इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेतं असं धरलं, तर एकूण फेऱ्या दीड कोटी होतात. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी पडते. तळहातावर मावणारा एक स्पार्क प्लग या प्रवासात ७५ लाख वेळा पेटतो. पनवेलच्या गल्लीतला मेकॅनिक निघण्यापूर्वी प्लग काढून, पुसून, त्याची फट डोळ्याजवळ धरून बघतो, ते उगाच नाही.

पण या प्रवासाचा खरा आकडा लांबीचा नाही, उंचीचा आहे.

पनवेल समुद्रसपाटीपासून जेमतेम १०-१२ मीटरवर आहे. लडाखमधली उमलिंग ला ही खिंड ५,७९८ मीटरवर, म्हणजे १९,०२४ फुटांवर. कळसूबाई ५,४०० फुटांचं. महाराष्ट्राचं हे सर्वोच्च शिखर साडेतीन वेळा एकावर एक रचलं, तर जिथे टोक येईल तिथे डांबरी रस्ता आहे. एव्हरेस्टचा नेपाळकडचा बेस कॅम्पसुद्धा १७,५९८ फुटांवर, या रस्त्याच्या बराच खाली. चिसुमले ते डेमचोक हा ५२ किलोमीटरचा रस्ता सीमा रस्ते संघटनेने बांधला आणि २०२१मध्ये गिनीज बुकाने जगातला सर्वांत उंच मोटार रस्ता म्हणून त्याची नोंद केली. आधीचा विक्रम बोलिव्हियातल्या उतुरुंकू ज्वालामुखीवरच्या रस्त्याचा होता, १८,९५३ फुटांचा. २०२५मध्ये त्याच संघटनेने मिग ला गाठली, १९,४०० फूट. हिवाळ्यात उणे ४० अंशांपर्यंत जाणाऱ्या या भागात वर्षातले मोजकेच महिने काम करता येतं. लडाखच्या रस्त्यांवर खडी फोडणारे, डांबर पसरणारे अनेक मजूर झारखंडातल्या दुमका भागातून येतात. आपण जिथे फोटोपुरते दहा मिनिटं थांबतो, तिथे ही माणसं महिनोन्‌महिने फावडं चालवतात. त्यांच्यापुढे आपला पराक्रम फार लहान आहे.

मनाली-लेह रस्ता ४२८ किलोमीटरचा. मनाली २,०५० मीटरवर, लेह ३,५०० मीटरवर. फरक फक्त १,४५० मीटरचा. मात्र रस्ता सरळ चढत नाही. अटल बोगद्यापर्यंत चढून तांडीला उतरायचं, मग बारालाचा ला ४,८९० मीटर, खाली सरचू, पुन्हा गाटा लूप्सची २१ वळणं चढून नकी ला, थोडं उतरून लाचुलुंग ला ५,०५९, खाली पांग, आणि शेवटी टांगलांग ला ५,३२८. सगळे चढ एकत्र केले तर पाच हजार मीटरच्या आसपास जातात. समुद्रकिनाऱ्यापासून कळसूबाई तीनदा चढल्याइतके.

तांडीच्या पेट्रोल पंपावर एक पाटी प्रसिद्ध आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. बुलेटची टाकी १३ लिटरची. सपाटीवर लिटरला ३५ मिळाले तर पेट्रोल पुरून उरतं. चढावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ॲव्हरेज २८वर आलं की बरोबर १३ लिटरच लागतात. म्हणून तो कॅन.

आता हवेकडे येऊ. पनवेलहून नेलेलं वेफर्सचं पाकीट पांगला बॅगेतून काढलं की चेंडूसारखं टणक झालेलं असतं. पाकिटात पनवेलची हवा कोंडलेली आहे आणि बाहेर पांगची, ४,६०० मीटरवरची, जिचा दाब समुद्रसपाटीच्या सहा दशांशाहूनही कमी आहे. तिथे पाणी ८५ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे तंबूत भात लावायचा तर कुकरच लागतो. उमलिंग लावर हवेचा दाब निम्म्यावर येतो. दर श्वासात ऑक्सिजन निम्मा.

थ्रॉटल पूर्ण उघडलेला असेल तर ३५० सीसीचं इंजिन ३,००० फेऱ्यांना मिनिटाला ५०० लिटरच्या घरात हवा ओढतं. शांत बसलेला माणूस ओढतो सहा ते आठ लिटर. हवा विरळ झाली की इंजिन सरळ हार मानतं. २० हॉर्सपॉवरची बुलेट वरच्या खिंडीत ११-१२वर येते, धापा टाकते, पण चालत राहते. नव्या गाड्यांमध्ये फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं प्रमाण आपोआप जुळवून घेतं, क्षणात.

माणसाला हे क्षणात जमत नाही, आणि इथे माझ्या मते सगळ्यांत थक्क करणारा आकडा आहे. आपल्या हाडांमधली मज्जा दर सेकंदाला ऑक्सिजन वाहणाऱ्या २० लाखांहून अधिक तांबड्या पेशी तयार करते. पाच हजार किलोमीटरांत बुलेटचं चाक जितक्या वेळा फिरतं, जवळपास तितक्या पेशी एका सेकंदात. दिवसाला सुमारे २० हजार कोटी. तरीही ही भर अपुरी पडते, कारण शरीरात अशा पेशी सुमारे २५ लाख कोटी आहेत. दिवसभराचं उत्पादन एकूण साठ्याच्या एक टक्काही नाही, आणि जवळपास तितक्याच जुन्या पेशी रोज मरतात. उंचीवर गेल्यावर मूत्रपिंडं काही तासांतच जास्त पेशींची मागणी नोंदवतात, पण त्या पेशी रक्तात येऊन फरक पडायला दिवस नव्हे, आठवडे लागतात. तोवर शरीर श्वास वाढवून आणि हृदय जोरात चालवून वेळ निभावतं.

म्हणून गिर्यारोहणातल्या डॉक्टरांचा साधा नियम आहे: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा दर रात्री ५००हून जास्त मीटरने वाढवू नका. मनालीहून निघून त्याच रात्री सरचूला झोपणारा रायडर २,०५० मीटरवरून ४,२९०वर जातो. अटल बोगद्याने २०२०पासून अंतर ४६ किलोमीटरने आणि वेळ चार-पाच तासांनी कमी केला, ही मोठीच सोय. तिचा दुसरा अर्थ असा की सरचू आता दुपारीच येतं, आणि शरीर अजून मनालीतच असतं. मग रात्री डोकं ठणकतं, उलटी होते, सकाळी गाडीवर तोल जातो. २१ वळणांच्या घाटात तोल जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

यंदा निघणाऱ्या पनवेलकरांना एवढंच सांगायचं आहे. जाताना श्रीनगरमार्गे जा. श्रीनगर १,६०० मीटरच्या आत आहे. झोजी ला ३,५२८ मीटरवर असली तरी ती ओलांडून रात्री कारगिलला, २,६७६ मीटरवर, झोपता येतं. दुसऱ्या दिवशी फोटू ला करून लेह. लेहमध्ये दोन दिवस गाडीला हातही लावू नका. खारदुंग ला, हानले, उमलिंग ला त्यानंतर. मनालीचा रस्ता परतीसाठी ठेवा, तेव्हा रक्त तयार असतं. उंचीच्या त्रासावर औषध घ्यायचं तर डॉक्टरांना विचारून, पनवेलमध्येच. आणि ग्रुपमधल्या एकाचं जरी डोकं दुखू लागलं, तरी त्याला एकट्याला तंबूत सोडून वर जाऊ नका. त्रास वाढला तर त्याला घेऊन सगळे खाली उतरा.