वुल्स्थॉर्प येथील शेतघर

इंग्लंडांतील जुन्या वास्तूंचा विषय निघाला म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांच्या मनांत राजवाडे, किल्ले व उंच शिखरांचीं प्रार्थनामंदिरें उभीं राहतात. परंतु त्या देशानें कायद्याचें संरक्षण दिलेल्या वास्तूंत शेतकऱ्यांचीं घरेंही आहेत. अशाच एका घराची माहिती आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

लिंकनशायर परगण्यांत ग्रँथम नांवाचें बाजारगांव आहे. त्याच्या दक्षिणेस सुमारें सात मैलांवर वुल्स्थॉर्प हें खेडें आहे. तेथील जमीन व तिजवरील हक्क १६२३ सालीं रॉबर्ट न्यूटन नामक शेतकऱ्यानें विकत घेतले. घरास 'वुल्स्थॉर्प मॅनर' असें म्हणतात. या नांवावरून एखाद्या जहागीरदाराचा वाडा डोळ्यांपुढें येईल, परंतु वस्तुतः तें एका सुखवस्तु शेतकऱ्याचें घर होय.

त्याचें बांधकाम सतराव्या शतकाच्या आरंभींचें आहे. त्या भागांत चुनखडीचा फिकट रंगाचा दगड विपुल, म्हणून भिंती त्याच दगडाच्या. घराचा मुख्य भाग आडवा असून त्याच्या पाठीस दुसरा भाग जोडलेला आहे, त्यामुळें वरून पाहतां इंग्रजी 'टी' अक्षराचा आकार दिसतो. दोन मजले व वर माळा अशी रचना आहे. खिडक्यांना मधून उभे दगडी दांडे बसविले असल्यामुळें एका रुंद खिडकीचे अनेक अरुंद भाग होतात. देश थंडीचा, म्हणून खोल्यांत शेकोटीसाठीं भिंतींत जागा ठेविली आहे व तिचा धूर धुराड्यांतून बाहेर जातो. दारावर दोन हाडांची फुली कोरलेली दिसते. ती न्यूटन घराण्याची निशाणी होय.

सन १६४२ च्या नाताळच्या दिवशीं, म्हणजे हल्लींच्या पंचांगाप्रमाणें ४ जानेवारी १६४३ रोजीं, या घरांत सर आयझॅक न्यूटन यांचा जन्म झाला. बाप तीन महिने आधींच वारला होता. मूल तीन वर्षांचें असतां आईनें दुसरा विवाह केला व तें आजीपाशीं राहिलें. पुढें दुसरा पतीही वारल्यावर ती तीन लहान मुलांसह या घरीं परतली. शेती संभाळण्यास घरांत कर्ता पुरुष नाहीं, म्हणून तिनें आयझॅकला ग्रँथमच्या शाळेंतून काढून शेतावर लाविलें. यांत तिचा दोष काढणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

पण मुलाचें चित्त शेतीवर नव्हतें. त्याचीं मेंढरें व डुकरें दुसऱ्यांच्या शेतांत शिरलीं व कुंपण मोडकें राहिलें, म्हणून १६५९ सालीं कोल्स्टरवर्थच्या न्यायसभेनें त्यास दंड केला. तेव्हां शाळेचे मुख्य गुरुजी हेन्री स्टोक्स यांनीं व मुलाच्या मामानें आईची समजूत घातली. बाहेरगांवच्या मुलांवर चाळीस शिलिंग फी असे, तीही गुरुजींनीं माफ करूं केली. मुलगा शाळेंत परतला व १६६१ सालीं केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत गेला.

१६६५ सालीं प्लेगामुळें विद्यापीठ बंद झालें आणि न्यूटन या घरीं आले. पुढील दोन वर्षांपैकीं बराच काळ त्यांनीं येथेंच गणित, प्रकाश व गुरुत्वाकर्षण यांचा विचार करण्यांत घालविला. सफरचंद खालीं पडतांना पाहून आपणांस विचार सुचला, असें त्यांनीं म्हातारपणीं विल्यम स्टुकली यांस सांगितलें. तें फळ डोक्यावर पडलें ही मात्र मागाहून जोडलेली गोष्ट होय. घरासमोरील तें झाड १८२० च्या वादळांत कोसळलें, परंतु पडलेल्या खोडांतून पुन्हां फुटलें व आजही फळें देतें.

न्यूटन १७२७ सालीं वारले. त्यानंतर हें घर टर्नर घराण्याकडे गेलें व दीर्घकाळ त्यांत कुळें राहून शेती करीत होतीं. १९४३ सालीं तें नॅशनल ट्रस्ट या वास्तुरक्षक संस्थेच्या ताब्यांत आलें. ऐतिहासिक इमारतींच्या सरकारी यादींत तें पहिल्या श्रेणींत आहे. म्हणून परवानगीवांचून त्याच्या स्वरूपांत फेरफार करतां येत नाहीं. या काळजीचें एक फळ असें कीं, २०१७ सालीं शेकोटीजवळच्या भिंतीवर, विशेष रीतीनें प्रकाश टाकून पाहतां, पवनचक्कीचें एक पुसट रेखाचित्र आढळलें. न्यूटनच्या बालपणीं ग्रँथमजवळ पवनचक्की बांधली जात होती. ती पाहून त्यानेंच हें कोरलें असावें, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. भिंत पाडली अथवा नव्यानें लिंपली असती, तर हें चित्र कोणास दिसलेंच नसतें.

शेतीचें काम हलकें, असें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. त्या घराचा दगडन् दगड शेतीच्याच कमाईचा आहे. परंतु अडचणीमुळें मुलास शाळेंतून काढण्याचा विचार ज्या पालकांच्या मनांत येतो, त्यांनीं तसें करण्यापूर्वीं एकदां त्याच्या शिक्षकांस भेटावें, एवढीच आमची नम्र विनंती आहे.