ट्रिप उतरते, भीती उतरत नाही

सायलोसायबिन हे भ्रमकारक द्रव्य असलेल्या मशरूमचा अंमल साधारण सहा तासांत ओसरतो, एलएसडीचा आठ ते बारा तास टिकतो. हे झालं पदार्थाचं वेळापत्रक. माणसाचं वेगळं असू शकतं. अशी नशेची ट्रिप होऊन तीन महिने लोटलेले असतात, शरीरात त्या पदार्थाचा मागमूस नसतो, तरी दिवेलागणीला छातीत धडधड सुरू होते. आरशातला चेहरा परका वाटतो. चार माणसांत बसलेलं असताना सगळं काचेपलीकडे चाललंय असं वाटतं. रक्त तपासून होतं, ईसीजी होतो, एमआरआयही होतो, सगळं नॉर्मल. मग घरचे म्हणतात, ‘मनाचे खेळ आहेत, कामात लक्ष घाल.’

मनाचे खेळ आहेतच, पण कामात लक्ष घालून ते थांबत नाहीत. संशोधक ज्यूल्स इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये अशाच ६०८ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चिंता, भीती, ‘मी कोण, हे सगळं खरं आहे का’ असे पोखरणारे प्रश्न, माणसांपासून तुटल्यासारखं वाटणं, या तक्रारी सर्वाधिक होत्या. सुमारे एक तृतीयांश लोकांचा त्रास वर्षाहून जास्त, तर एक षष्ठांश लोकांचा तीन वर्षांहून जास्त टिकला होता. मात्र ही पाहणी त्रास झालेल्यांचीच होती. ट्रिप करणाऱ्या शंभरातल्या किती जणांना असं होतं, ते तिच्यावरून काढता येत नाही. दुसरी बाजू जॉन्स हॉपकिन्सच्या २०१६ च्या पाहणीत दिसते. मशरूम घेतल्यावर अतिशय अवघड अनुभव आलेल्या १,९९३ जणांपैकी ८४ टक्के लोकांनी त्यातून आपला फायदाच झाला असं सांगितलं. ज्यांच्या अनुभवाला वर्ष उलटून गेलं होतं, त्यांच्यातल्या ७.६ टक्क्यांना मात्र मागे राहिलेल्या मानसिक त्रासासाठी उपचार शोधावे लागले होते. हा लेख असा त्रास मागे राहिलेल्यांबद्दल आहे.

ट्रिपमध्ये जिवाच्या आकांताने घाबरलेलं शरीर काही खुणा धरून ठेवतं: अंधार, आडवं पडणं, विशिष्ट संगीत, स्वतःच्या हृदयाचे ठोके. दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो. पुढे साध्या कॉफीने ठोके वाढले तरी ‘परत सुरू झालं’ असं वाटतं, त्या धसक्याने ठोके आणखी वाढतात आणि चक्र फिरू लागतं. त्यात झोप उडाली की चक्राला गती मिळते.

हे चक्र सैल करण्यासाठी अमेरिका-ब्रिटनमधले काही उपचारक संमोहन वापरतात. संमोहन म्हणजे झोप नव्हे आणि कुणाच्या ताब्यात जाणंही नव्हे. लक्ष एका ठिकाणी एकवटायचं आणि त्या अवस्थेत शरीराच्या प्रतिक्रियांना वेगळं वळण लावायचं, इतकंच. ही क्षमता सगळ्यांत सारखी नसते. स्टॅनफर्डमध्ये १९५९ पासून ती मोजण्याच्या पट्ट्या आहेत; काही थोडे लोक चटकन संमोहित होतात, काही जवळपास होतच नाहीत, बाकीचे अधेमधे. मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’मधून संमोहनाने आतड्याचा जुना विकार आटोक्यात येतो हे दाखवलं आणि आज ब्रिटनच्या अधिकृत उपचार-मार्गदर्शिकेत या उपचाराला जागा आहे. ट्रिपनंतरच्या त्रासासाठी मात्र मोठ्या चाचण्यांचं बळ अजून त्याच्यामागे नाही. आघातानंतरच्या मनोविकारावरचे थोडे अभ्यास आणि उपचारकांचा अनुभव, एवढ्या शिदोरीवर हे काम चालतं.

चांगला उपचारक पहिल्या भेटीत बहुधा संमोहन करतच नाही. काय घेतलं, किती, किती वेळा. झोप कशी आहे. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आहे का. जीव द्यावासा वाटतो का, हे तो विचारतो. आवाज ऐकू येत असतील, कुणी पाळतीवर आहे अशी खात्री वाटत असेल किंवा दिवसेंदिवस न झोपताही माणूस भन्नाट उत्साहात असेल, तर संमोहन तिथेच बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं असतं.

त्यानंतरही नेहमीची वाक्यं चालत नाहीत. ‘शरीर हलकं होतंय, तुम्ही तरंगताय, खोल खोल जाताय’ हे इतर कुणालाही सुखावणारं बोलणं अशा माणसाला नेमकं त्या रात्रीत परत नेऊन सोडतं. म्हणून इथे उलटं करतात. डोळे उघडे, पाय जमिनीवर, पाठ खुर्चीला टेकलेली. ‘तळव्यांखाली फरशी आहे, ती गार आहे, मांड्यांचा भार खुर्चीवर आहे.’ जडपणा हवा, तरंगणं नको. शरीर स्थिरावलं की स्टॅनफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी आघात झालेल्यांसाठी वापरलेली पडद्याची युक्ती उपयोगी पडू शकते. मनासमोर एक पडदा आणायचा आणि त्याचे दोन भाग करायचे. डावीकडे त्या प्रसंगातला एक तुकडा: बाथरूमची भिंत श्वास घेतेय, आपण मरतोय अशी खात्री झालीय. उजवीकडे त्याच वेळी स्वतःला वाचवण्यासाठी आपण काय केलं ते: कडी काढून बाहेर आलो, मित्राला हाक मारली, त्याचा हात धरून बसून राहिलो. डावीकडचं चित्र माणसाने हजार वेळा पाहिलेलं असतं. उजवीकडचं पाहिलेलं नसतं. चित्र लहान करणं, लांब नेणं, पडदा बंद करणं, हे सगळं त्याच्याच हाती राहतं, आणि ट्रिपमध्ये नेमकं तेच हातून सुटलेलं असतं.

इथवर संमोहनाची बाजू पटण्यासारखी वाटते. मला धास्ती वाटते ती पुढच्या पायरीची, आठवणी उकरण्याची. एलएसडीमुळे माणूस सूचनांना अधिक वश होतो. १९६५ मध्ये हे नोंदवलं गेलं, आणि २०१५ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी दहा स्वयंसेवकांवर ते पुन्हा दाखवलं. संमोहनाचा तर पायाच सूचना. साठच्या दशकात केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी व्यसनमुक्ती रुग्णालयात अर्नोल्ड लुडविग आणि जेरोम लेव्हिन यांनी दोन्हींची सांगड घातली होती. एलएसडी चढत असतानाच रुग्णाला संमोहित करायचं. सुरुवातीचे निकाल आशादायक होते. पुढे लुडविग यांनी विस्कॉन्सिनमध्ये १७६ मद्यासक्तांवर काटेकोर तुलना केली, तेव्हा कोणतीच पद्धत दुसरीपेक्षा सरस ठरली नाही.

आता कल्पना करा. ट्रिपमध्ये कुणाला ‘लहानपणी माझ्यावर अत्याचार झाला’ असं दिसलं. ते खरंही असेल, नसेलही. हा माणूस संमोहन करणाऱ्याकडे गेला आणि तो म्हणाला, चला, त्या दिवसात मागे जाऊन पाहू. संमोहनाखाली आठवण अधिक अचूक होत नाही, अधिक पक्की वाटू लागते. म्हणूनच कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये संमोहनाने जागवलेल्या आठवणींची साक्ष नाकारली. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ मध्ये संमोहनाशिवायच, नुसत्या सूचनेतून, २४ पैकी सहा जणांना लहानपणी बाजारसंकुलात हरवल्याची न घडलेली आठवण पूर्ण किंवा अर्धवट पटवली होती. दोन वेळा मऊ झालेल्या मातीत काय उमटेल याचा नेम नाही. माझ्या मते ट्रिपनंतर संमोहन वापरावं ते झोपेसाठी, धडधडीसाठी, पाय जमिनीवर टेकवण्यासाठी; उत्खननासाठी नाही.

आपल्याकडे हा विषय अगदीच लांबचा नाही. गोव्यात अंजुण्याच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्या आहेत, ॲमस्टरडॅमच्या दुकानांतले नशेचे ट्रफल आहेत, आणि ओरेगनमध्ये २०२३ पासून सायलोसायबिनची परवानाधारक केंद्रं आहेत. तिकडे नोकरी-शिक्षणासाठी गेलेली मुलं आपलीच आहेत. फरक पडतो तो मायदेशी परतल्यावर. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली एलएसडी ०.१ ग्रॅमहून जास्त असलं की ते ‘व्यापारी प्रमाण’ ठरतं. त्या धाकाने मुलगा डॉक्टरांना ‘कामाचा ताण आहे’ एवढंच सांगतो आणि डॉक्टर ताणाचीच गोळी देतात. खरं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. तरीही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलणं जड जात असेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.

संमोहनाचं म्हणाल, तर चार दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून दुकान थाटलेले लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले बरेच जण मागच्या जन्मापर्यंत पोहोचवून आणतात. त्यामुळे ‘संमोहन येतं का’ हा प्रश्न नंतरचा. आधी माणूस मानसोपचारतज्ज्ञ आहे का, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे का, ते विचारावं.

काही गोष्टी संमोहनाच्या आवाक्याबाहेरच्या असतात. हलत्या वस्तूमागे शेपटासारखी रेघ दिसणं, भिंतीवर टीव्हीच्या मुंग्यांसारखे ठिपके दिसणं, असे दृष्टीचे त्रास महिनोन्‌महिने राहिले तर नेत्रतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ दोघांनाही दाखवायला हवं. संमोहनाने त्या ठिपक्यांची धास्ती कमी होईल, ठिपके जातील असं नाही. आणि असे रुग्ण झोप यावी म्हणून रात्री गांजा ओढत असतील, तर ते पहिल्यांदा बंद करावं लागतं, कारण ठिपके आणि धडधड दोन्ही त्याने उसळतात.